सौदा आधी, सुनावणी नंतर



अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी भीषण स्फोट झाला. १५ कामगार मृत्युमुखी पडले, १७० हून अधिक जखमी झाले. मेलेले सारे कंत्राटी कामगार होते. धोक्याच्या यंत्रसामग्रीलगत उभ्या केलेल्या तात्पुरत्या कार्यालयांत वा त्यांच्या आसपास ते काम करीत होते.

या गुन्ह्याची किंमत सरकारी वकील आणि कंपनी यांनी बंद दाराआड ठरविली: एका गुन्ह्याची कबुली, ५ कोटी डॉलर दंड आणि तीन वर्षांची देखरेख. २००४ च्या कायद्याने तेथील गुन्हापीडितांना सरकारी वकिलाशी विचारविनिमय करण्याचा हक्क दिलेला आहे. तरीही ऑक्टोबर २००७ मध्ये, आरोप दाखल होण्यापूर्वीच, सरकारने न्यायालयात गुपचूप अर्ज केला. पीडित फार आहेत, आणि बोभाटा झाला तर वाटाघाटी फिसकटतील, असे त्यात म्हटले होते. न्यायालयाने तो मान्य केला. मृतांच्या कुटुंबीयांना कळले ते करारावर सह्या झाल्यावर.

मे २००८ मध्ये पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने हे कायद्याविरुद्ध ठरविले. पीडित दोनशेहूनही कमी होते, त्यांना गाठणे सहज शक्य होते, असे त्याने नोंदविले. करार मात्र त्याने मोडला नाही. मार्च २००९ मध्ये तोच कायम झाला. हक्क मान्य, उपाय अमान्य!

खटल्याचा लगाम पीडितांच्या हाती दिला तर सूडाला न्यायाचे रूप येईल, हा आक्षेप पुरोगामी मंडळीही घेतात. तो पोकळ नाही. परंतु कायद्यातील हक्क नकाराधिकाराचा नव्हताच, ऐकून घेतले जाण्याचा होता. सहीपूर्वी ऐकले तर अटी बदलू शकतात. नंतर ऐकणे हा सांत्वनाचा विधी. (फेब्रुवारी २००८ मध्ये तो यथासांग पार पडला.)

पुढे एप्रिल २०२१ मध्ये अकराव्या परिमंडळाच्या न्यायालयाने जेफ्री एपस्टीन प्रकरणात निर्णय दिला की, संघीय आरोप दाखल होण्यापूर्वी पीडितांना या कायद्याखाली स्वतंत्र दाद मागता येत नाही. म्हणजे आरोप दाखल न करण्याचाच सौदा झाला, तर दाद मागण्याची वेळ कधी येणारच नाही.

भारतात गुन्हाकबुलीची तडजोड प्रकरण न्यायालयात दाखल झाल्यावरच होते आणि बैठकीस पीडिताला बोलवावे लागते. पण भोपाळ आठवावे. फेब्रुवारी १९८९ मध्ये युनियन कार्बाइडशी ४७ कोटी डॉलरची तडजोड वायुपीडितांना न विचारता झाली. फौजदारी खटलेही गुंडाळले गेले. पीडितांच्या संघटनांनी पुनर्विलोकनासाठी अर्ज केले, तेव्हा ऑक्टोबर १९९१ मध्ये ते पुन्हा चालविण्याचा आदेश झाला.