तान्ह्या पोळ्याचा नंदी आणि आमचे मंडळ



या व्यासपीठावरून आपण वेदान्त ऐकला, इतिहास ऐकला, अर्थशास्त्रही ऐकले. आम्ही मात्र आपल्यापुढे एक मोडलेले शिंग घेऊन आलो आहोत. मागच्या रांगेतल्या मंडळींना ते दिसणार नाही, म्हणून सांगतो : बोटभर लांबीचे, सागाचे, मुळापाशी तुकडा पडलेले असे हे लाकडी बैलाचे शिंग आहे. आजचे आमचे सारे भाषण या शिंगावर उभे आहे. विषय छापताना चालकांनी 'लाकूड कोरण्याचा छंद' असे शब्द योजले आहेत. त्यांतल्या 'छंद' या शब्दाने आम्हांला एकदा चांगलेच अडचणीत आणले. ती हकीकत ओघाने येईलच.

आमच्या मंडळाला नाव नाही, घटना नाही आणि सुदैवाने निवडणूकही नाही. महालातल्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर दर रविवारी सकाळी दहाबारा माणसे जमतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत लाकूड कोरतात. त्यांत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, बँकेतले दोघे आहेत, एक शिक्षक, एक शिंपी आणि महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आहे. आम्हांला शिकविणारे मात्र एकच. ते जातीने व धंद्याने सुतार असून आम्ही सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणतो.

आमचा आरंभ तान्ह्या पोळ्यापासून झाला. नागपूरकरांना तान्हा पोळा सांगण्याची गरज नाही. परंतु सभेत बाहेरगावचे पाहुणे दिसतात, म्हणून दोन शब्द सांगतो. श्रावणातल्या अमावास्येला शेतकऱ्याच्या बैलांचा पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुलांचा. ज्यांच्या दारी बैल नाही अशा घरांतली मुलेदेखील लाकडाचा नंदी सजवून, दोरीने ओढीत मोहल्ल्यात फिरतात आणि घरोघरी बोजारा मागतात. दुसरे रघुजीराजे भोसले यांच्या काळात हा मुलांचा पोळा सुरू झाला, असे परंपरा सांगते. त्याच दिवशी नागपुरात मारबती आणि बडगे निघतात. कागद-बांबूच्या त्या मूर्ती गावाची इडापीडा घेऊन जळून जातात. नंदी मात्र संध्याकाळी घरी परततो आणि माळ्यावर चढून पुढच्या वर्षाची वाट पाहतो. म्हणूनच कित्येक घरांत आजोबांनी ओढलेला नंदी आज नातू ओढतो आहे.

असाच एक तीन पिढ्यांचा नंदी आमच्यापैकी एकाच्या घरी माळ्यावरून खाली आला, तो एक कान आणि एक शिंग गमावून. पोळा दोन दिवसांवर, आणि नातवाने रडून घर डोक्यावर घेतलेले. नंदी पिशवीत घालून आजोबा मिस्त्रीकाकांच्या दुकानी गेले. पोळ्याच्या तोंडावर सुताराच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. काका मान वर न करता म्हणाले, "मले टाइम नाही जी. हे घ्या पटाशी, तुम्हीच करा. मी दाखवतो." आजोबांनी आयुष्यभर फायलींखेरीज काही हाताळले नव्हते. त्यांनी कसेबसे एक शिंग कोरले आणि बसविताना ते काटकन मोडले. तेच हे शिंग.

ते का मोडले, हा आमचा पहिला धडा होता. लाकडाला रेषा असते. झाड ज्या दिशेने वाढते त्या दिशेने ती धावते, आणि लाकडाचे सारे बळ त्या दिशेत असते. रेषेच्या लांबीत धरलेली काडी वाकेल पण लवकर मोडणार नाही. रेषेला आडवी कापलेली काडी बिस्किटासारखी तुटते. बैलाचे अंग आडवे, पाय उभे आणि शिंगे वळणदार. आता सगळा बैल एकाच ठोकळ्यातून काढायचा म्हटले, तर कोणाच्या तरी वाट्याला आडवी रेषा येणारच. म्हणून जाणता सुतार शिंगे आणि कान निराळ्या तुकड्यांतून, रेषा लांबीत ठेवून कोरतो, सामत्याने भोक पाडतो आणि खुंटी व सरस लावून ते बसवितो. ठोकळ्यातून पाय काढायचे असतील, तर चार पायांच्या मधले लाकूड तो अगदी शेवटपर्यंत काढीत नाही; वशिंड, पाठ आणि गळ्याखालची पोळी यांचे काम होईपर्यंत ते लाकूड पायांना आधार देते. आजोबांनी शिंग कोरले होते ते नेमके आडव्या रेषेत. काकांनी तुकडा उचलून पाहिला आणि म्हणाले, "लाकडाशी भांडता कायले? त्याले इचारा न, कोनीकडे जायचं हाय त्याले."

पोळा झाल्यावर आजोबा आपल्या दोन मित्रांना घेऊन पुन्हा त्या दुकानी गेले. पुढे ओसरी मिळाली, माणसे वाढली. पहिले दोन महिने काकांनी आम्हांला लाकडाला हात लावू दिला नाही. नुसती पटाशी दगडावर घासायला लावली. सागाच्या अंगात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे धार फार लवकर बोथट होते. बोथट पटाशीला जोर लागतो, आणि जोर लावला की ती घसरते. आमच्यापैकी तिघांच्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर त्याची साक्ष आहे. तेव्हापासून दोन नियम झाले. पटाशीच्या पुढे दुसरा हात ठेवायचा नाही, आणि कोणाची पटाशी बोथट दिसली तर त्याला न बोलता ती शेजाऱ्याने लावून द्यायची.

या दुसऱ्या नियमाने आम्हांला एकत्र बांधले. बँकेतल्या साहेबांची पटाशी शिंप्याने लावून दिली, की पुढच्या रविवारी शिंप्याच्या नंदीचे चाक साहेब घासून गुळगुळीत करतात. ओसरीच्या फडताळात बिस्किटांचा एक रिकामा डबा आहे. ज्याने त्याने आपले पहिले मोडलेले शिंग त्यात टाकायचे, असा प्रघात आहे. नवा माणूस आला आणि त्याच्या हातून काही बिघडले, की आम्ही त्याला आधी तो डबा दाखवितो आणि मग चहा देतो. सतरा शिंगे आहेत त्यात. त्यांतले सर्वांत जुने आज येथे आणण्याची परवानगी आम्ही मंडळाकडून घेतली आहे.

लाकूड कोठून आणता, असे आम्हांला नेहमी विचारतात. नागपूर हे एके काळी लाकडी नक्षीचे गाव होते. भोसल्यांचा काळ्या दगडाचा भव्य वाडा लाकडी कोरीवकामाने नटलेला होता. १८६४ साली तो आगीत सापडला आणि त्याचे महाद्वार तेवढे उरले. परंतु नक्षी करणारे हात त्या आगीत जळाले नव्हते. महालातल्या घराघरांतून खांब आणि खांबांवरचे हस्त कोरले गेले. आज ती घरे पडताहेत आणि जागी सिमेंटच्या इमारती उठताहेत. त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आम्हांला नाही, कारण आमच्यापैकी निम्मे जण तशाच इमारतीत राहतात. पाडलेल्या घराची तुळई कबाड्याकडे जाते, आणि तिथून आम्ही ती विकत आणतो. शंभर वर्षे वाळलेला साग तो! करवत लागताच त्याचा तेलकट वास ओसरीभर पसरतो. शिकाऊ हातांना काका आडजात लाकूड देतात; साग मिळवावा लागतो.

आता त्या अडचणीच्या हकीकतीकडे येतो. तिसऱ्या वर्षी आम्हांला उत्साहाचे भरते आले. उन्हाळाभर खपून आम्ही पंचवीस नंदी केले आणि तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रविवारी मोहल्ल्यातल्या मुलांना फुकट वाटले. टाळ्या पडल्या, छायाचित्रे निघाली, आम्ही कृतार्थ झालो. पुढच्या रविवारी मिस्त्रीकाका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही आले नाहीत. तब्येत बरी नसेल म्हणून आम्ही चौघे त्यांच्या दुकानी गेलो. तब्येत ठणठणीत होती. फळीवर मात्र नंदींची रांग तशीच उभी होती, पोळा उलटून गेल्यावरही. काकांनी आम्हांला बसविले, चहा मागविला आणि शांतपणे म्हणाले, "रागावलो नाही जी. पन तुमचा हात फुकट हाय, माह्या हाताले पोट हाय."

सभ्य हो, आम्हांला त्या वेळी उत्तर सुचले नाही. ज्याने आम्हांला पटाशी धरायला शिकविले, त्याचेच गिऱ्हाईक आम्ही हसतहसत काढून घेतले होते. ज्याला आम्ही छंद म्हणत होतो, तो त्यांचा वर्षाचा हंगाम होता.

त्या रविवारी ओसरीवर कोणी लाकडाला हात लावला नाही. नुसता वाद झाला. आमच्यातले शिक्षक म्हणाले, "कला ही कोणाची मिरासदारी नव्हे. सुताराच्या मुलानेच सुतार व्हायचे, हा जुना हिशेब आपण पुन्हा मांडणार काय?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. येथून जवळच वर्ध्याला १९३७ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि नयी तालीमचा विचार देशापुढे आला. प्रत्येक मुलाने, मग ते कोणत्याही जातीचे असो, हाताने एखादा उद्योग शिकावा आणि त्यातूनच त्याची बुद्धी वाढावी, असा तो विचार होता. त्या न्यायाने आमची ओसरी योग्यच होती. तेवढ्यात ती महाविद्यालयातली मुलगी म्हणाली, "शिकण्याला काकांनी कधी ना म्हटले? त्यांनीच तर शिकविले. आपण वाटले, ते चुकले." वाद तेथे संपला. विद्या सर्वांची खरी, परंतु त्या विद्येवर ज्याची चूल पेटते त्याच्या चुलीवर पाणी ओतण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, एवढे आम्हांला कळले.

मग आम्ही ठरविले ते असे. आषाढ लागल्यापासून पोळ्यापर्यंत मंडळ नवा नंदी कोणाला देणार नाही, विकणार नाही. या काळात आम्ही फक्त जुने नंदी दुरुस्त करू. पोळ्याच्या तोंडावर सुताराला जे काम करायला वेळ नसतो, नेमके तेच. नवा नंदी मागायला जो येईल त्याला सुताराच्या दुकानाचा पत्ता देऊ. आणि शिकविण्याबद्दल काकांना दरमहा दक्षिणा देऊ, उपकार म्हणून नव्हे, तर शिक्षकाला वेतन देतात तसे. हा निरोप पोचविला, तरी काका लगेच आले नाहीत. खंडेनवमीला आम्ही ओसरीवर हत्यारे मांडून पूजा करीत होतो. पाहतो तो काका दारात उभे, हातात त्यांचा वाकस. कोणी काही बोलले नाही. त्यांनी वाकस आमच्या पटाश्यांशेजारी ठेवला आणि झेंडूचे फूल वाहिले.

आज काकांचा मुलगा दुसऱ्याच्या कारखान्यात संगणकावर चालणाऱ्या यंत्राने दारांवर नक्षी काढतो. आम्ही यंत्राचे वैरी नाही. एकच वेल शंभर दारांवर हुबेहूब काढण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. परंतु रेषा आडवी आहे की उभी, हे माणसाने आधी पाहून न दिल्यास यंत्र दिलेल्या आकृतीबरहुकूम आडव्या रेषेतही शिंग कापून देईल, आणि ते पोराच्या हातात मोडेल. तेव्हा ते पाहणारे डोळे कोठून तरी यावे लागतील. ते यंत्रातून येत नाहीत. डब्यात सतरा शिंगे जमा झाल्यावर येतात.

आपल्या विदर्भाच्या सागाची कीर्ती आज मोठी आहे. २०२३ साली उद्घाटन झालेल्या नव्या संसदभवनासाठी नागपूरचा साग गेला. त्याच वर्षी अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून साग रवाना झाला. ऐकून आम्हांला अभिमान वाटला. पण लाकूड रवाना करणारा प्रदेश, एवढीच आपली ओळख राहावी काय? मेळघाटातले कोरकू बांधव आपल्या मृतांच्या स्मरणार्थ सागाच्या फळीवर घोडेस्वार, चंद्र आणि सूर्य कोरतात. त्या फळीला ते मुंडा म्हणतात. म्हणजे राजवाड्यापासून रानापर्यंत या प्रदेशात लाकडाला बोलके करणारे हात होते आणि अजून आहेत. ते हात रिकामे बसले, तर पुढे शिकायचे म्हटले तरी शिकविणारा सापडणार नाही.

म्हणून आपणांकडे आमचे मागणे फार लहान आहे. पोळ्याला अजून चार महिने आहेत. घरी गेल्यावर माळ्यावर चढा आणि आपला नंदी खाली काढा. कान तुटला असेल, चाक गेले असेल, तर रविवारी ओसरीवर घेऊन या. दुरुस्ती आम्ही करू, आणि बसायची तयारी असेल तर आपल्याच हातून करवून घेऊ. नवा घ्यायचा असेल, तर पोळ्याच्या आदल्या दिवशी घासाघीस करण्यापेक्षा आताच आपल्या भागातल्या सुताराकडे जा, त्याला सवडीने काम करू द्या आणि त्याच्या हाताची किंमत द्या. शिंग कोणत्या रेषेत कोरले आहे, तेही त्याला विचारा. असे विचारणारे गिऱ्हाईक भेटले, की सुतार कसा खुलतो ते पाहण्यासारखे असते.

हे शिंग आता पुन्हा डब्यात ठेवायला हवे. आजोबा समोर बसले आहेत आणि त्यांचे लक्ष त्याच्यावरच आहे.