फडावरची मजुरी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘तमाशा’ एवढेच सांगितले. त्यांनी ते पत्रिकेवर छापले, आणि आज समोर पाहता काही मंडळी लावणीच्या आशेने आलेली दिसतात. त्यांची आधीच क्षमा मागतो. लावणीविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. आमची शाळा सातवीपर्यंतची. पुढचे शिक्षण मार्केट यार्डात पोत्याखाली आणि रात्री नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. तीस वर्षे हमालांच्या संघटनेचे काम करीत आहोत. तेव्हा जी गोष्ट आम्हांस थोडीफार कळते तीच बोलणार. फडावर जो नाचतो, गातो, ढोलकी वाजवितो, कनात ठोकतो, त्याला त्याची मजुरी कशी मिळते, आणि ती मजुरी म्हणवून घेण्याचा हक्क त्याला आहे की नाही, एवढाच आजचा विषय.

आरंभ आमच्याच एका चुकीपासून केला पाहिजे. दहाबारा वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाख सरत आला होता, यात्रा आटोपल्या होत्या. संघटनेच्या कचेरीत एक पन्नाशीचे गृहस्थ आले. उजव्या हाताची दोन बोटे चिंधीने बांधलेली. फडावर ढोलकी वाजवीत असत. त्यांनी पिशवीतून एक मुद्रांकाचा कागद काढला आणि आमच्यापुढे ठेवला. दसऱ्याच्या आधी मुलीच्या लग्नासाठी त्यांनी मालकाकडून साठ हजारांची उचल घेतली होती. ती पुऱ्या हंगामात कामाने फेडावयाची. माघात बोटे सुजली, पिकली, बावीस दिवस वाजविता आले नाही. ते बावीस खाडे कापले. बदली ढोलकीवाला आणला, त्याचा खर्च यांच्या नावावर. डॉक्टरचे बिल यांच्या नावावर. मधून मधून घरी पाठविलेले पैसे अर्थात यांच्याच नावावर. हंगाम संपता संपता बाकी निघाली ती यांच्याकडे.

“साहेब, सात महिने वाजवलं, अन् वर माझ्याकडंच देणं निघालं. ही कुठली रीत?”

आम्ही कागद वाचला, परत दिला आणि म्हणालो, “मामा, आमची संघटना हमालांची. तुम्ही पडलात कलावंत. तुमचे काम सांस्कृतिक खात्याकडे.”

ते म्हणाले, “खात्यात गेलो व्हतो. त्ये म्हणत्यात मालकाशी मिटवा.” मग कागदाची पहिल्या घड्यांवरूनच घडी घातली, चहा घेतला आणि गेले.

त्या रात्री काही सुचेना असे झाले, असे सांगितले तर ते खोटे ठरेल. आम्ही विसरून गेलो. आठवण झाली ती पुढे, वाचनालयात एक निवाडा वाचताना. त्याकडे येतोच, पण आधी ही उचल म्हणजे काय ते आपण नीट पाहू.

फडाचा हंगाम साधारण दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात संपतो. पहिले काही महिने कनात ठोकून तिकिटाचे खेळ. पाडव्यापासून पुढे गावोगावच्या यात्रा. जुन्नर तालुक्यात, पुणे-नाशिक रस्त्यावरचे नारायणगाव आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. त्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात, गावचे पंच येतात, बैठक बसते, भाव होतो आणि सुपारी ठरते. मालकाचा सारा जीव त्या यात्रांत गुंतलेला असतो. परंतु माणसे मात्र त्याला त्याआधी कितीतरी महिने, पावसाळ्यातच बांधून ठेवावी लागतात. पावसाळ्यात कलावंताच्या घरी पैसा नसतो. मुलांच्या शाळा, आजार, लग्ने, छपराची गळती ह्या गोष्टी मात्र असतात. म्हणून मालक उचल देतो आणि कलावंत घेतो. त्यात दुष्टपणा कुणाचा म्हणावा? मालक तरी पैसा कोठून आणतो? तोही सावकाराकडून व्याजाने काढतो. ट्रक, तंबू, जनित्र, दिवे, सारे त्याच पैशावर उभे असते. आम्ही पाहिलेले कित्येक मालक स्वतः फडावर जन्मलेले, स्वतः बोर्डावर उभे राहिलेले. एका कर्जदाराने दुसऱ्या कर्जदाराला कामावर ठेवावे, असा हा व्यवहार आहे.

पण मजूर म्हणून आम्हांस त्यात जे दिसते ते असे. गिरणीत कामगार महिनाभर राबतो आणि मग पगार मागतो. म्हणजे महिनाभर तो मालकाचा धनको असतो. फडावर उलट आहे. पहिली थाप पडण्याआधीच तो ऋणको झालेला असतो. पगार मागणाऱ्याला आवाज चढविता येतो. देणेकऱ्याला तो खाली घ्यावा लागतो. मग जेवण कसे मिळते, निजायला जागा कोठे मिळते, बाईमाणसाला आडोसा आहे की नाही, ह्यांपैकी कशाविषयीही त्याचे तोंड उघडत नाही. आणि बाकी निघाली की पुढचा हंगामही त्याच फडावर. १९७६ साली ह्या देशात वेठबिगारी नष्ट करण्याचा कायदा झाला. आगाऊ दिलेल्या रकमेपोटी माणूस अडकवून ठेवणे, हेच त्या कायद्याच्या मुळाशी आहे. प्रत्येक उचल वेठबिगारी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ढोलकीवाल्या मामांचा कागद कायद्याच्या शेजारी ठेवून वाचावा, असे त्या दिवशी आम्हांस सुचले नाही, हे खरे.

आता कामाचे तास. यात्रेत रात्री मोठा खेळ होतो. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग, असा सारा क्रम. दुसऱ्या दिवशी सकाळी गावापुढे पुन्हा उभे राहावयाचे. त्या सकाळच्या खेळाला नाव आहे ‘हजेरी’. आम्हां कामगारांना हा शब्द मोठा जिव्हाळ्याचा. गिरणीत, यार्डात हजेरी लागली म्हणजे त्या दिवसाचा दाम पदरात पडला. तमाशात मात्र हजेरी म्हणजे रात्र जागून काढल्यावर वरकड काम, आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही! हजेरी आटोपली की तंबू गुंडाळा, ट्रकमध्ये चढा आणि पुढच्या गावी. झोप व्हावयाची ती ट्रकमध्ये सामानावर. ज्या गावाने सुपारी दिली त्या गावात तीस-चाळीस माणसांना पाणी, मोरी, संडास आणि बायकांना कपडे बदलण्यापुरती चार भिंतींची खोली मिळेल की नाही, हे त्या त्या गावच्या दयेवर. देवळाची ओवरी मिळते. काही गावांत तीही मिळत नाही, आणि का मिळत नाही हे फडावरच्या माणसांची जात विचारली की कळते. ते बोलून दाखवायला कुणाला आवडत नाही, म्हणून आम्ही बोलून ठेवतो.

तो निवाडा आता सांगतो. भोपाळला भारत भवन म्हणून मोठी कलासंस्था आहे, १९८२ साली उघडलेली. तिच्या रंगमंडळातील नटांच्या नोकरीचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००१ साली न्यायालयाने निर्णय दिला की, नाटकात काम करणारा कलावंत हा १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ नव्हे. का? तर त्याचे काम प्रतिभेचे आहे. अंगमेहनतीचे, कुशल किंवा तांत्रिक नव्हे. न्यायालयाचा मान राखून आम्ही एवढेच म्हणतो की, फडावर ज्याने रात्रभर ढोलकी वाजविली त्याची बोटे पाहावीत. आणि गंमत अशी की, हे वाक्य वाचताना आमचेच शब्द आमच्या कानी आले. “तुम्ही पडलात कलावंत.” न्यायमूर्तींना कायद्याच्या व्याख्येने बांधले होते. आम्हांस कोणी बांधले होते?

हाच माणूस सिनेमात लहानशा भूमिकेत उभा राहिला तर गोष्ट निराळी. १९८१ साली संसदेने सिनेकामगारांचा कायदा केला. त्यात नट, वादक, नर्तक धरले आणि लेखी कराराची सक्ती केली. कॅमेऱ्यापुढे कामगार आणि कनातीत कलावंत! प्रसूतीच्या कायद्याचेही तसेच. १९६१ च्या त्या कायद्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन घोड्यांचे, कसरतीचे आणि ‘इतर’ खेळ करणाऱ्या आस्थापना आल्या. सर्कशीसाठी केलेली ही दुरुस्ती. पण त्या ‘इतर’मध्ये तमाशा बसत नाही असे कोणी सिद्ध करून दाखवावे. विठाबाई नारायणगावकर ह्या खेळ चालू असताना कनातीमागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. ती ऐकून आपण टाळ्या वाजवितो. त्यांच्या हिमतीला टाळ्या द्याव्यातच. पण नऊ महिन्यांची बाई त्या रात्री बोर्डावर होती, ह्याचा जाब कुणाला विचारावयाचा, हे त्या गोष्टीत कोणी सांगत नाही. बाई २००२ साली गेल्या, त्या हलाखीतच. पुढे त्यांच्या नावाने शासनाने पुरस्कार सुरू केला. पठ्ठे बापूरावांचे १९४५ साली पुण्यात तेच झाले होते. कलावंत मेल्यावर आपण फार उदार होतो.

दुसऱ्या देशांत काय घडले? अमेरिकेतील नटांची अवस्था शंभर वर्षांपूर्वी आपल्यासारखीच होती. आठवडेच्या आठवडे तालमी, त्यांचा पैसा नाही. पोशाख पुष्कळदा स्वतःचे. आणि दौऱ्यावर कंपनी बुडाली की परगावी अडकून पडावयाचे, परतीच्या तिकिटालाही मालक जागेवर नाही. १९१३ साली त्यांनी ‘ॲक्टर्स इक्विटी’ नावाची संघटना काढली आणि १९१९ च्या ऑगस्टात संप केला. महिनाभर न्यूयॉर्कची थिएटरे अंधारात राहिली आणि मालकांना संघटना मान्य करावी लागली. त्यांनी मिळविलेल्या गोष्टींत एक आम्हांस फार मोलाची वाटते. खेळ उभा करण्याआधी मालकाने काही आठवड्यांच्या पगाराची अनामत संघटनेकडे ठेवावयाची. कंपनी बुडाली तर त्यातून नटांचे पैसे भागवावयाचे. पाहा, पैसा तेथेही आधीच निघतो, येथेही आधीच निघतो. तेथे तो तिसऱ्याच्या हाती राहतो आणि नटाला सोडवितो. येथे तो नटाच्या हाती येतो आणि त्याला अडकवितो.

तेथेही सारे गोड नाही. त्या देशात जेवणाची थिएटरे निघाली. १९५३ साली व्हर्जिनियात हॅनोव्हरच्या एका जुन्या खानावळीत सुरू झालेले थिएटर त्यांतले आद्य समजतात. लोकांनी तिकीट काढावे, मेजावर जेवावे आणि तेथेच बसून नाटक पाहावे. लहान गावांतून अशी जी थिएटरे संघटनेच्या कराराबाहेर चालतात, त्यांतील कित्येकांत पडदा उघडण्याआधी नटच ताटे वाढतो आणि मध्यंतरात तोच उष्टी उचलतो. पगार बेताचा, उरलेली भरपाई गिऱ्हाइकाच्या बक्षिशीवर. आपल्याकडील संगीतबारीतील दौलतजादा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. पगाराची जागा बक्षिशीने घेतली की नट मालकाचा उरत नाही, समोर बसलेल्या प्रत्येकाचा होतो.

मग इथे काय करता येईल? आम्ही हमाल आहोत, आमच्याच घरातले उदाहरण देतो. आम्हालाही ‘तुम्ही कुणाचेच नोकर नव्हे’ असेच सांगत असत. सकाळी ह्या अडत्याचे पोते, दुपारी त्या व्यापाऱ्याचे, मालक कोण? १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मंडळ नेमले, त्यात कामगार, मालक आणि सरकार तिघेही. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरावयाची, तिच्यावर लेव्ही भरावयाची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा, दवापाणी. फडाची गोष्ट निराळी आहे, हे खरे. पण सुपारीचा पैसा मंडळात आला, हंगामाआधीची उचल त्याच मंडळाने बिनव्याजी दिली, तर सावकार मालकाच्या मानेवरून उतरेल आणि मालक कलावंताच्या. असे मंडळ आज नाही. आमच्या संघटनेने तसा अर्ज केला आहे. पोच मिळाली आहे.

आम्हां चळवळवाल्यांवर तर तमाशाचे जुने देणे आहे. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक काढले आणि तमाशाच्या अंगाने कामगारांचा लढा गावोगाव नेला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्याच ढोलकीवर भरल्या. ढोलकी आम्ही घेतली. ढोलकीवाल्याला पावती फाडून सभासद करून घ्यावे, हे मात्र पुढे कुणाला सुचले नाही.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. यात्रांचे दोन हंगाम गेले. सुपाऱ्या फिरल्या, उचली मात्र फिरल्या नाहीत. त्या वहीत तशाच उभ्या राहिल्या. त्या दिवसांत आम्ही मामांचा पत्ता काढून त्यांच्या गावी गेलो. ते विटांच्या भट्टीवर होते. दोन बोटे वाकडीच राहिली होती. आमच्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, “आता तर हमालच झालो, आता घ्याल का संघटनेत?”

घेतले. पावती क्रमांक आम्हांस पाठ आहे.

ह्या सभागृहात निरनिराळ्या गावच्या यात्रा समितीचे लोक बसले असतील. सुपारीचा कागद तुम्हीच लिहिता. त्यात आम्ही पाच गोष्टी लिहावयास सांगतो. बायकांसाठी कडी असलेली खोली आणि संडास. रात्रीच्या खेळानंतर हजेरीपर्यंत सहा तासांची विश्रांती. हजेरीचा पैसा वेगळा. पावसाने वा बंदोबस्ताने खेळ मोडला तरी ठरल्या रकमेचा अर्धा भाग. आणि फडावरच्या माणसांची नावे व प्रत्येकाचा रोज लिहिलेली एक यादी, जिची एक प्रत ग्रामपंचायतीत राहील. मसुदा एका पानाचा आहे. पन्नास प्रती करून आणल्या आहेत, त्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. यात्रा चालू आहेत, तेव्हा ज्यांची पुढच्या आठवड्यात आहे त्यांनी आधी घ्याव्यात.