प्रतिभेची उतरंड मोडा



अध्यक्षाने सगळ्यांचे आभार मानावेत, मराठीच्या भवितव्याची काळजी करावी, सरकारकडे दोन मागण्या कराव्यात आणि खाली बसावं, असा रिवाज आहे. आज मी तो मोडतो आहे. कालच्या परिसंवादात कोणत्या कलेला किती प्रतिभा लागते, याचा निकाल लावण्यात आला. कविता पहिली, मग कादंबरी, मग नाटककार. गायक आणि नट हे नुसते 'सादरकर्ते'. अनुवादक त्यांच्याही खाली. लावणीचं नाव फक्त रात्रीच्या कार्यक्रमपत्रिकेत. या निकालाला टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत, आणि का वाजवल्या नाहीत ते सांगतो.

हा पंक्तिप्रपंच जुना आहे. लिओनार्दो दा विंचीने चित्रकाराला पाटावर बसवलं. त्याचा शिल्पकार घामाने आणि संगमरवराच्या भुकटीने माखलेला, चित्रकार मात्र चांगले कपडे घालून निवांत काम करणारा. पुढे हेगेलने कवितेला सर्वांत वर नेलं, शोपेनहाउअरने संगीताला. ज्याने त्याने आपल्या आवडीची कला डोक्यावर घेतली. इथे फिर्यादीच न्यायाधीश होतो! 1547च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये बेनेदेत्तो वार्कीने कलावंतांना विचारलं, चित्र श्रेष्ठ की शिल्प? मायकेलअँजेलोने शिल्पाची बाजू घेतली खरी; पण हेही सुनावलं की या वादात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात मूर्ती घडवून होते.

आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेयांना मूर्तीचं शास्त्र विचारतो. ऋषी म्हणतात, आधी चित्र शीक. चित्रासाठी नृत्य समजायला हवं, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गायन. राजा मूर्ती मागायला गेला आणि त्याला सगळ्या कला शिकाव्या लागल्या. एकीला वेगळी काढून तिचं वजन करायची सोयच तिथे ठेवलेली नाही.

आता कालचा मुख्य युक्तिवाद घेऊ. कवी कोऱ्या कागदापासून सुरुवात करतो. गवयाला बंदिश आयती मिळते, नटाला संवाद आयते मिळतात, अनुवादकाला तर सगळंच आयतं मिळतं. म्हणून कवी निर्माता, बाकीचे हमाल. ठीक आहे. हेच माप ज्ञानेश्वरीला लावू या. गीतेचे 700 श्लोक ज्ञानदेवांपुढे तयार होते. पात्रं ठरलेली, प्रसंग ठरलेला, श्लोकांचा क्रमसुद्धा ठरलेला. त्यावर 1290 साली सुमारे 9,000 ओव्या उभ्या राहिल्या. तुमच्या हिशेबाने मराठीचा हा सर्वांत मोठा काव्यग्रंथ दुय्यम ठरतो, आणि ज्ञानदेव 'सादरकर्त्यां'च्या रांगेत जातात. आहे कुणाची तयारी हे या व्यासपीठावरून म्हणायची?

ज्ञानदेवांनी श्लोकाशी जे केलं, त्याच जातीचं काम ख्याल गाणारा बंदिशीशी करतो. स्थायी आणि अंतरा मिळून चार-सहा ओळी. त्यांवर तासभर राग उभा करायचा. कोणत्या सुरावर थांबायचं, कुठला टाळायचा, समेवर थेट यायचं की तिला हुलकावणी द्यायची, हे निर्णय लोकांसमोर, ताल चालू असताना घ्यायचे. कवीला खोडता येतं. गवयाला लागलेला सूर परत घेता येत नाही. फरक असलाच तर तो या परिस्थितीचा आहे. त्यातून प्रतिभेची पायरी ठरत नाही.

अनुवादकाला सगळं आयतं मिळतं म्हणता? पुलंनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' केलं. त्या नाटकाचा प्राणच उच्चारात आहे. लंडनच्या फुलवालीची बोली मराठीत आयती कुठून मिळणार? ती इथल्या मातीतून नव्याने उभी करावी लागली, तेव्हा मंजुळा बोलू लागली.

'घाशीराम कोतवाल' 1972 साली आलं. शब्द तेंडुलकरांचे, पण जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचना वजा करा आणि मग सांगा काय उरतं. 'विच्छा माझी पुरी करा'चे लेखक वसंत सबनीस. त्यात दादा कोंडक्यांनी ऐन प्रयोगात, ताज्या घडामोडींवर जे रचलं, ते कुठल्या संहितेत सापडेल? गीतरामायणाची 56 गीतं 1955-56मध्ये पुणे आकाशवाणीवरून ओळीने प्रसारित झाली. त्यात माडगूळकरांचा वाटा किती टक्के आणि बाबूजींचा किती, हे काढून दाखवणाऱ्याला मी माझं अध्यक्षपद देतो.

ही उतरंड येते कुठून? छापखान्यातून. ज्याचं नाव मुखपृष्ठावर छापता येतं तो निर्माता, ज्याचं छापता येत नाही तो कारागीर. बहिणाबाई चौधरी 1951 साली गेल्या. पुस्तक 1952 साली आलं, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. त्याआधी वाङ्मयाच्या दरबारात त्यांचं नावही नव्हतं, त्यानंतर त्या कवयित्री झाल्या. रचना त्याच! बदल झाला तो एवढाच, की सोपानदेवांसारख्या लिहित्या माणसांनी त्या टिपून ठेवल्या होत्या. ज्यांच्या घरात टिपून घेणारा कवी नव्हता त्यांचं काय? खेड्यापाड्यांतून गोळा झालेल्या जात्यावरच्या ओव्याच एक लाखावर आहेत. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक बायकाच लिहीत आल्या. जिव्या सोमा मशे यांनी ती रेषा कागदावर आणली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि ती त्यांची हक्काचीच होती. पण भिंतीवर लिहिणाऱ्या त्या बायकांची नावं आपण कधी विचारली?

आता कुणी म्हणेल, अध्यक्षांनी सगळं सपाट केलं, सुमाराला आणि थोराला एकाच पंगतीत बसवलं. अजिबात नाही. प्रतवारी जरूर करा, निष्ठुरपणे करा. पण कृतीची करा, कलेची नको. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गात. लोक थक्क होत. ते अनुकरण होतं. पुढे क्षयाने गाठलं. 1948 साली ते देवासला गेले, अंथरुणाला खिळले, माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले. त्या धुनांतून त्यांनी नवे राग बांधले. गळा तोच, कला तीच. तरी एक नक्कल होती आणि दुसरी निर्मिती. म्हणजे प्रतिभा किती लागते, हे कलाप्रकारावर ठरतच नाही. हाताशी असलेली सोपी वाट कलावंताने नाकारली की नाही, यावर ठरतं. या कसोटीवर दरवर्षी दिवाळी अंकांत छापून येणाऱ्या पावसाच्या कविता घासून बघा. पहिल्या पाटावरचे किती जण उठतात ते मोजा.

शेवटी, ठराव मांडण्याची प्रथा आहे म्हणून मीही तीन मांडतो. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर, मूळ लेखकाच्या नावाएवढ्याच टायपात छापा. लावणी झाली तर ती रचणाऱ्या शाहिराचं, चाल बांधणाऱ्याचं आणि ढोलकी वाजवणाऱ्याचं नाव पत्रिकेत द्या. त्यांना मानधन कवीइतकंच द्या. आणि पुढच्या वर्षीच्या परिसंवादात एक सोंगाड्या बोलवा, श्रोता म्हणून नव्हे, वक्ता म्हणून.

माझं म्हणणं पटलं नसेल त्यांनी खुशाल विरोध करावा. मात्र आधी एक तमाशा गणापासून वगाच्या अखेरपर्यंत, जागचं न हलता बघून यावा. मग माइक हातात घ्यावा. मी उत्तर द्यायला इथेच आहे.