दूरशिक्षण : आपला हक्क आणि आपले कर्तव्य

(सावर्डे, जि. रत्नागिरी येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या सभेत एका वकिलांनी दिलेले व्याख्यान)



धम्मदीक्षा घेऊन तुम्ही जुन्या रूढींचे जोखड फेकून दिले आहे. परंतु अज्ञानाचे जोखड दीक्षेबरोबर आपोआप गळून पडत नाही. ते विद्येनेच तोडावे लागते. म्हणून महाविद्यालयात रोज न जाता घरी राहून घेता येणाऱ्या शिक्षणाविषयी मी आज बोलणार आहे.

विद्येपासून दूर राहणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. १८५६ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार मुलास सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेला. त्याने सरकारकडे अर्ज केला. सरकारनेही दाद दिली नाही. पुढे बाबासाहेबांनाही शाळेत वेगळे, गोणपाटावर बसावे लागले. शाळा जवळ होती, विद्या मात्र दूर ठेवलेली होती.

धारवाडच्या त्या घटनेनंतर दोनच वर्षांनी, १८५८ साली, लंडन विद्यापीठाने उमेदवार कोठे शिकला हे न विचारता त्यास पदवी परीक्षेस बसण्याची मुभा दिली. १८७८ साली तेथील पदव्या स्त्रियांनाही खुल्या झाल्या. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादेस निघाले. १९९१ पासून ते बाबासाहेबांचे नाव धारण करीत आहे. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले.

या मार्गामागील तत्त्व बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखले होते. १९४६ साली मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. पोट भरणाऱ्याने विद्या सोडू नये, विद्येनेच त्याच्या वेळेस जुळवून घ्यावे, हे ते तत्त्व. आपल्या कोकणात त्याची गरज कोणास नाही? मुंबईच्या चाकरमान्यास ती आहे. लावणी-कापणी आणि घर सांभाळणाऱ्या त्याच्या पत्नीसही आहे. टपालाने एके काळी गावी मनिऑर्डर येत असे. त्याच वाटेने पुस्तकही येऊ शकते.

आता तर धडे मोबाईलवर येतात. केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. २०२० साली करोनामुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा मात्र ज्या घरी फोन नाही त्या घरचे मूल पुन्हा वर्गाबाहेर राहिले. ज्या घरी एकच फोन असेल, तेथे तो मुलाच्या हाती द्यावयाचा आणि मुलीस चुलीकडे पाठवावयाचे, हा मनुस्मृतीचाच न्याय होय. ती मनुस्मृती बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला १९२७ साली जाळली गेली आहे, हे विसरू नका. मुलींच्या वसतिगृहातील मोबाईलबंदीच्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला आहे.

वकील या नात्याने तीन गोष्टी सांगतो. पहिली : प्रवेशापूर्वी ती संस्था, तो अभ्यासक्रम आणि ते वर्ष यांस विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे काय, हे पाहा. आवश्यक मंजुरी न घेता काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. त्या सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी रद्द वा स्थगित केल्या. विद्यार्थ्यांचा पैसा आणि वर्षे पणास लागली. वकिलीची सनदही घरबसल्या घेतलेल्या पदवीवर मिळत नाही. दुसरी : योग्य मान्यतेची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या तोडीची आहे, असे आयोगाचे २०२० चे विनियम सांगतात. तेव्हा ती हलकी म्हणून कोणी अर्ज नाकारला, तर कारण लेखी मागा. तिसरी : बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या कायद्याने मान्य झाल्या आहेत. जातीचा दाखला वेळेवर काढा, आणि शिष्यवृत्ती व शुल्कसवलत लागू आहे काय, हे प्रवेशापूर्वीच विचारा.

शेवटी एकच मागणे. प्रत्येक विहारात संध्याकाळी दोन तास दिवा, टेबल आणि एक सामाईक फोन अभ्यासासाठी ठेवा. शिकलेल्याने तेथे बसून शिकणाऱ्यास साह्य करावे. अर्धवट शाळा सोडलेल्या सुनेचे नाव त्या वहीत सर्वांत आधी लिहा. आपल्या पूर्वजांना दुसऱ्यांनी विद्येपासून दूर ठेवले. आपल्या घरातील कोणास आपणच दूर ठेवले, तर दोष कोणास द्यावयाचा?

नमो बुद्धाय! जय भीम!