लॅपटॉप दमला म्हणून लगेच नवा कशाला?



गटाचा लॅपटॉप हळू चालायला लागला की बैठकीत नवा घ्यायचा विषय निघतोच. आमच्या गटातही निघाला. बटण दाबून चहा टाकावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडद्यावरचं चक्र फिरतंच आहे. दुकानात दाखवला, तर "जुना झाला, नवा घ्या" एवढंच उत्तर मिळालं. पण नव्या लॅपटॉपचे पैसे म्हणजे आमच्या दोघी-तिघींचं पेरणीच्या वेळचं अंतर्गत कर्ज. म्हणून आम्ही ठरवलं, आधी आहे तोच नीट बघू. एका दुपारच्या कामात तो बराच सुधारला. विंडोजच्या लॅपटॉपवर काय करायचं, ते क्रमानं सांगतो.

सगळ्यात आधी गटाचे हिशेब, ठराव, सभासदांची कागदपत्रं पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. लॅपटॉपमधून टकटक आवाज येत असेल किंवा फाइल उघडताना सारखी चूक दाखवत असेल, तर आतली डिस्क बिघडायला लागलेली असू शकते. मग नोंदी काढून घेऊन जाणकाराला दाखवा, पुढची खटपट नंतर.

दुसरं काम अगदी सोपं. लॅपटॉप 'रीस्टार्ट' करा. झाकण मिटलं की तो बहुतेक वेळा नुसता झोपतो. विंडोज 10 आणि 11 मध्ये 'शट डाउन' केलं तरी आतला काही भाग पुन्हा तसाच उठतो. रीस्टार्टनं मात्र सगळं नव्यानं सुरू होतं.

आता हळू का चालतो, ते समजून घेऊ. लॅपटॉपची रॅम म्हणजे आपला स्वयंपाकाचा ओटा, आणि डिस्क म्हणजे माळा. जुन्या लॅपटॉपचा ओटा लहान, पुष्कळदा 4 जीबीचाच. त्यावर दहा पातेली मांडली, तर पोळी लाटायला जागा कुठली? मग लॅपटॉप एकेक वस्तू माळ्यावर ठेवतो, लागली की पुन्हा खाली काढतो. त्या चढउतारात वेळ जातो.

ओट्यावर काय मांडलंय, ते बघता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात 'मेमरी' या शब्दावर क्लिक केलं की जास्त जागा अडवणारे वर दिसतात. मग 'सेटिंग्ज'मध्ये 'ॲप्स' आणि त्यात 'स्टार्टअप' उघडा. लॅपटॉप सुरू होताना न बोलावता येणाऱ्यांची ही यादी. नको ते बंद करा. त्यानं प्रोग्राम पुसला जात नाही, हवा तेव्हा उघडता येतो. व्हायरसपासून राखण करणारा प्रोग्राम मात्र चालूच ठेवा. इंटरनेटवर काम करताना दहा-बारा पानं एकदम उघडी ठेवू नका. प्रत्येक पान ओट्यावर जागा घेतं.

आता माळा. सी ड्राइव्ह भरत आला की लॅपटॉप अडखळतो. 'डाउनलोड्स' फोल्डर उघडून बघा. एकच अर्ज सात वेळा उतरवलेला सापडेल, कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ सापडेल. नको ते पुसा आणि 'रिसायकल बिन'ही रिकामी करा. मग 'सेटिंग्ज', 'सिस्टम', 'स्टोरेज' असं जाऊन 'टेम्पररी फाइल्स' काढा. त्या यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असतं. तिथं खूण असेल तर आधी काढा, नाहीतर कामाची कागदंही जातील. आणि सी ड्राइव्हमधल्या 'विंडोज' नावाच्या फोल्डरला हात लावायचा नाही.

"एका क्लिकमध्ये वेग वाढवा" अशा जाहिराती दिसतील. त्या उतरवू नका, त्यांतूनच कीड आत येते. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये तपासणीची सोय फुकट आहे. फोन करून कुणी "तुमचा लॅपटॉप दुरुस्त करतो, आत येऊ द्या" म्हणालं, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

आणखी एक. लॅपटॉप गोधडीवर, उशीवर ठेवला की त्याच्या हवेच्या फटी बुजतात. तापला की तो स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालतो. पाटावर किंवा टेबलावर ठेवा. फटींवरची धूळ लॅपटॉप बंद करून मऊ ब्रशनं झाडा.

विंडोज 10 असेल, तर त्याला मिळणारा नेहमीचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. लॅपटॉप विंडोज 11 घेत नसेल, तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली जाणकाराकडून घालून घेता येते. पण तुम्ही वापरता तो हिशेबाचा प्रोग्राम आणि मराठी टंकलेखन तिच्यावर चालतं का, ते आधी बघून घ्या.

काम सुरू करण्याआधी, बटण दाबल्यापासून हिशेब उघडेपर्यंत किती मिनिटं लागतात ते वहीत लिहा. सगळं झाल्यावर पुन्हा मोजा. फरक पडला, तर गटाचे पैसे वाचले. नाही पडला, तर खर्चाचा ठराव करताना दोन्ही आकडे बैठकीसमोर ठेवा. पैसा सगळ्यांचा आहे, तेव्हा तो का खर्च होतोय हे सगळ्यांना कळायला हवं.