हळू धावा, लांब जा
(गणेशोत्सवात बंगळूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



कब्बन पार्कात सकाळी धावणाऱ्यांत दरवर्षी नवे चेहरे दिसतात आणि दोन महिन्यांत दिसेनासे होतात. कोणाचा गुडघा धरतो, कोणाची पोटरी. कारण बहुधा एकच : पहिल्या दिवसापासून धाप लागेपर्यंत पळणं. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडं आणि कंडरा मजबूत व्हायला मात्र कित्येक महिने लागतात. उत्साह पुढे जातो, पाय मागे राहतात.

यावर एक साधा उपाय अमेरिकेतील फिल मॅफेटोन यांनी सांगितला. १८० मधून आपलं वय वजा करा. धावताना नाडीचे ठोके मिनिटाला त्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. वय ४५ असेल तर १३५. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी किंवा वारंवार दुखापत होणाऱ्यांनी आणखी ५ कमी करावेत. नियमित औषध चालू असल्यास १०. हृदयविकार असेल किंवा ठोके कमी करणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, हिशेब नंतर.

घड्याळ नसलं तरी अडत नाही. सोबत्याशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता आल्या की वेग बरोबर.

सुरुवातीला हे फार जड जातं. चढ आला की चालावं लागतं आणि आजोबा पुढे निघून जातात! पण याच वेगात स्नायूंमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, शरीर चरबीचं इंधन वापरायला शिकतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावण्याची ताकद उरते. अंतर वाढतं ते या दुसऱ्या दिवसामुळे. आठवड्याला साधारण दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढ नको, आणि दर चौथ्या आठवड्यात थोडी कपात करा.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड तर ८०० मीटर धावणाऱ्या पीटर स्नेललाही आठवड्याला १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, धावायला लावत. स्नेलने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं. आधी पाया, वेगाचा सराव त्यानंतर.

प्रगती मोजायची तर महिन्यातून एकदा त्याच रस्त्यावर, तेवढेच ठोके ठेवून पाच किलोमीटर धावा आणि वेळ लिहून ठेवा. वेळ कमी होत गेली की समजा, गाडी रुळावर आहे. उकाड्यात आणि दमट हवेत तेवढ्याच वेगाला ठोके वाढतात, म्हणून चेन्नई-मुंबईला गेलात तर वेग आणखी उतरवा. आपल्या बंगळूरची थंड सकाळ हे भाग्यच आहे. ते वाया घालवू नका.

चाळिशी-पन्नाशीत आपल्याला पदक नको आहे. साठीनंतरही नातवंडांमागे धावता यावं, एवढंच हवं आहे. त्यासाठी आज कोणी मागे टाकून गेलं, तर खुशाल जाऊ द्या.