शेगावची सेवा आणि नेतृत्वाचे शिक्षण

नेतृत्व हा केवळ गादीवरच्या कारभाऱ्याचा मक्ता आहे, असा जो समज आपल्या कचेऱ्यांतून रूढ झाला आहे, त्याला बुलढाणा जिल्ह्यातील शेगावचे, १९०८ साली स्थापन झालेले श्री गजानन महाराज संस्थान सबळ उत्तर देते. संस्थानचे २०२१ साली दिवंगत झालेले विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील यांनी तेथे दीर्घकाळ जी शिस्त बाणवली, तिच्यामुळे दर्शनाची रांग लावणारा, महाप्रसाद वाढणारा, पादत्राणे सांभाळणारा विनावेतन सेवेकरीही आपल्या पाळीपुरता त्या कामाचा धनी होऊन भाविकाची अडचण विनम्रतेने निवारण्यास शिकतो. म्हणून संस्थाचालकांनी शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत प्रत्येकावर कामाच्या जबाबदारीबरोबरच निर्णयाचा तितकाच अखत्यार विश्वासाने सोपवावा.